गुलाबाच्या आकाराची चॉकलेटं पहिल्यांदा करताना

सुरुवातीला कंपाउंड चॉकलेटच (कोको बटरऐवजी वनस्पती तेल असलेलं) घ्या; कुव्हर्चरला, म्हणजे भरपूर कोको बटर असलेल्या चॉकलेटला, टेंपरिंग (ठरावीक तापमानाला गरम-गार करणं) लागतं, ते नंतर शिका. १० ग्रॅमची फुलं केली, तर २०० ग्रॅममध्ये वीसेक होतात.

स्लॅब बारीक चिरून डबल बॉयलरवर (गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या भांड्यात) वितळवा. खालचं पाणी उकळू देऊ नका, भांड्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. पांढरं चॉकलेट तर फार लवकर करपतं. पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेटचा रवाळ गोळा होतो. त्याची फुलं होत नाहीत. गरम साय घालून सॉस करा. केकच्या जेल रंगातही पाणी असतं, म्हणून तो इथे चालत नाही, तेलात विरघळणारा रंगच हवा.

दोन रंगांचं फूल खरंच देखणं दिसतं. साचा कोरडा ठणठणीत हवा. आधी मधला पिवळा ठिपका ब्रशने भरा. तो बोटाला लागेनासा झाला, पण अजून मऊ आहे, तेव्हाच गुलाबी ओता. पार गार झाल्यावर ओतलात तर ठिपका सुटून पडतो. ओतल्यावर साचा ओट्यावर हलकेच आपटा, बुडबुडे निघतात.

फ्रीजमध्ये १०-१५ मिनिटं पुरे. फ्रीजर नको, बाहेर काढल्यावर फुलांना पाणी सुटतं. सिलिकॉनचा साचा खालून ढकला. पाकळी धरून ओढलीत तर तीच तुटते.