'स्पॅनिश वंशीयांचे जिल्हावार वितरण' : हे शीर्षक चालेल का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या जनगणनेचा एक तक्ता मराठीत आणायचा आहे. कुठल्या काउंटीत (म्हणजे राज्याच्या प्रशासकीय विभागात) किती हिस्पॅनिक लोक, म्हणजे स्पेनमध्ये किंवा स्पॅनिशभाषक देशांत मुळं असलेले लोक राहतात, ते त्यात आहे. वरचं शीर्षक चालेल का?

'वितरण' भूगोलाच्या पुस्तकांत रुळलंय, त्याला चूक म्हणणार नाही. मला मात्र ते गॅस सिलिंडरचं नाहीतर बक्षिसांचं वाटतं. वितरण म्हटलं की वाटणारा कुणीतरी हवा.

'जिल्हा' नको. टेक्सास महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं, पण काउंट्या २५४. म्हणजे सरासरी काउंटी आपल्या तीनेक तालुक्यांएवढी भरते. लव्हिंग काउंटीत २०२० साली माणसं होती अवघी ६४! शिवाय तिथे 'डिस्ट्रिक्ट' म्हटलं की बहुधा मतदारसंघ किंवा शाळांचा विभाग समजतात. काउंटीला काउंटीच राहू द्या.

खरा घोळ 'स्पॅनिश वंशीय'मध्ये आहे. हिस्पॅनिक हा वंश नव्हे. २०२०च्या जनगणनेत वंशाचा प्रश्न वेगळा होता आणि हिस्पॅनिक आहात का, हा वेगळा. गोरा, काळा, मूळनिवासी, कुणीही 'हो' म्हणू शकत होता. मेक्सिकन मुळाच्या कितीतरी कुटुंबांत मूळनिवासी रक्त स्पॅनिश रक्ताइतकंच, कधी त्याहून जास्त असतं. मग 'स्पॅनिशभाषक' म्हणावं? तेही नाही. सॅन अँटोनिओतल्या नातवाला आजीची स्पॅनिश धड बोलता येत नसली, तरी तो हिस्पॅनिकच. 'स्थलांतरित' तर अजिबात नको. टेक्सास १८३६ साली मेक्सिकोपासून फुटलं, त्याच्या आधीपासून तिथे नांदणारी तेहानो, म्हणजे टेक्सासची जुनी हिस्पॅनिक, घराणी आहेत. 'लॅटिनो' जवळचा शब्द, पण त्याचा रोख लॅटिन अमेरिकेवर. स्पेनहून आलेला माणूस हिस्पॅनिक, पण सहसा लॅटिनो नव्हे; ब्राझीलचा पोर्तुगीजभाषक लॅटिनो, पण जनगणना त्याला हिस्पॅनिकांत धरत नाही. ह्यूस्टनला गेलेल्या गोव्याच्या फर्नांडिसची मात्र पंचाईत. आडनाव पाहून लोक त्याच्याशी स्पॅनिशमध्ये बोलायला लागले, तर नवल नाही. आडनावाच्या शेवटी 'स' (s) आहे की 'झ' (z), हे इंग्रजी स्पेलिंगमध्ये बघावं लागतं: 'झ'वालं स्पॅनिश, 'स'वालं पोर्तुगीज.

तेव्हा 'टेक्सासमधील हिस्पॅनिक लोकसंख्या : काउंटीनिहाय प्रमाण' असं करा. पण आधी तक्त्यात टक्के आहेत की डोकी, ते पाहा. रिओ ग्रँडे नदीकाठच्या स्टार काउंटीत शंभरातले ९५हून जास्त लोक हिस्पॅनिक, पण सगळी वस्तीच सुमारे ६६ हजारांची. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत हे प्रमाण निम्म्याहून कमी, तरी माणसं वीस लाखांच्या घरात. आकडे डोक्यांचे असतील, तर 'प्रमाण' काढून 'संख्या' लिहा.