शिखर नको, आधी मुक्काम मोजा

प्रश्न : वय ४६, नाशिकला बँकेत नोकरी. कळसूबाई, साल्हेर, रतनगड नेहमीचे. ऑगस्टमध्ये लडाखमधलं कांग यात्से-२ (६२५० मीटर) हे शिखर करायचं ठरवलंय. एका कंपनीने लेह ते लेह आठ दिवसांचा कार्यक्रम दिलाय. ‘अनुभव लागत नाही, गाइड सगळं सांभाळतो’ असं ते म्हणतात. तयारी कशी करू? आणि डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घेऊ का?

उत्तर : साल्हेर चढणाऱ्या पायांची मला काळजी नाही. काळजी आहे त्या आठ दिवसांची.

लेह ३५०० मीटरवर. विमानातून उतरता तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या दुपटीहून उंच असता, आणि शरीराला ती बातमी उशिरा कळते. पहिले दोन दिवस बाजारसुद्धा हळूहळू फिरायचा. खारदुंगलाची उंच खिंड बघून येऊ म्हणणाऱ्या सोबत्यांना एकटं जाऊ द्या. पुढचा नियम असा, की ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर सरकवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम तिथंच करावा.

आता कंपनीचा तक्ता काढा आणि प्रत्येक रात्रीपुढे उंची लिहा. माझा अंदाज, ते तुम्हाला शांग सुमदोकडून कोंगमारू ला ही खिंड ओलांडून झटकन निमालिंगच्या मुक्कामाला नेणार. खिंड ५००० मीटरच्या वर, निमालिंग सुमारे ४८००. आठ दिवसांत बसवायचं तर दुसरं काय करणार? मारखा खोऱ्यातून गेलात तर स्कियू गाव लेहपेक्षा थोडं खालीच आहे. तिथून मारखा, हांकर करत चढ हळूहळू अंगी लागतो, शिवाय खोरं देखणं आहे. दिवस वाढतात, पैसेही. ते द्या. हवामानासाठी एक राखीव दिवस तक्त्यात नसेल तर मी त्या कंपनीबरोबर जाणार नाही. लेहजवळचं स्टोक कांगरी शिखर २०२० मध्ये बंद झाल्यावर तिथली गर्दी इकडे वळली, आणि गर्दीबरोबर घाईही.

गाइड सगळं सांभाळतो हे अर्धंच खरं. दोर तो लावतो, वेळेवर परत तो फिरवतो. पण रात्री तंबूत डोकं ठणकतंय हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही. आणि आपल्याकडचे चाळिशीपुढचे ट्रेकर हे सांगत नाहीत, उलट ‘चहा कमी पडला’ म्हणतात! डोकेदुखी, मळमळ असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला, किंवा टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता येईना, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. ऑक्सिजनचा सिलिंडर बेस कॅम्पला असतो का, आजारी माणसाला उतरवायला घोडा राखून ठेवतात का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

डायमॉक्सने शरीर उंचीला लवकर सरावतं, लक्षणं दडपली जात नाहीत. सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फाची अॅलर्जी किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, आणि सोडा-कोला बेचव लागतं. घाबरू नका.

तयारी घराजवळच होईल. आठवड्यातून एकदा अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी, पाठीवर दहा किलो. वजन पाण्याच्या बाटल्यांचं ठेवा आणि माथ्यावर पाणी ओतून द्या, गुडघे वाचतील. शिखराच्या रात्री बेस कॅम्पवरून अकराशे मीटरच्या वर चढ आहे, तोही थंडीत आणि अंधारात, म्हणून सलग आठ-दहा तास चालण्याची सवय हवी. भाड्याचे बूट लेहमध्येच दोन मोजे घालून बघा, त्यांवर क्रॅम्पॉन (बर्फात पकड देणारे, बुटाखाली बांधायचे खिळे) चढवून बघा. शिखराच्या रात्री पट्टे शोधत बसू नका. हे वेड टिकणार असेल, तर पुढच्या वर्षी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्सची वयोमर्यादा विचारून घ्या. तिथं बर्फावर घसरल्यावर बर्फाच्या कुऱ्हाडीने (आइस अॅक्स) स्वतःला थांबवायला शिकवतात.

आणि हो, आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड करून घ्या, नाहीतर घरचे उगाच जीव टांगणीला लावून बसतील.

प्रश्न : मी २९ वर्षांची, साताऱ्याची. चढाईच्या तारखा पाळीतच येतात. पुढे ढकलण्याची गोळी घ्यावी का?

उत्तर : पाळीत चढायला हरकत नाही, मी चढले आहे. गोळीबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, पण किती उंचीवर किती दिवस राहणार ते नक्की सांगा, कारण काही हार्मोनच्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो आणि उंचीवर पाणी कमी प्यालं जातं. वापरलेले पॅड बर्फात पुरायचे नाहीत, झिपच्या जाड पिशवीत भरून लेहला परत आणायचे. मेन्स्ट्रुअल कप वापरायचा असेल तर दोन-तीन महिने आधी घरी सवय करा. उणे तापमानात, हातमोजे काढून, तो पहिल्यांदा शिकण्यात अर्थ नाही.