एवढ्याशा दगडावर प्रयोग करून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) जमिनीखाली साठवला तर टिकेल हे कसं काय सांगतात?

शंका रास्त आहे. मी काही वर्षं लॅबमध्ये हेच केलंय म्हणून सांगतो.

आधी ते खाली मोठी गुहा असते नि त्यात गॅस भरतात हे डोक्यातून काढा. गुहाबिहा काही नसते, वाळूच्या खडकात कणाकणांच्या मधे बारीक छिद्रं असतात, त्यात आधीच खारं पाणी असतं, सीओटू ते पाणी ढकलत आत शिरतो. आम्ही तेच छोट्यात करायचो. दीड इंच व्यासाची कोअर, म्हणजे खडकातून कापलेला दंडगोल तुकडा, घ्यायची, ओव्हनमध्ये सुकवून वजन, मग व्हॅक्यूम लावून खारं पाणी भरून परत वजन, फरकावरून छिद्रं किती ते कळतं. मग ती रबरी स्लीव्हमध्ये घालून स्टीलच्या होल्डरमध्ये, बाहेरून दाब. ५० अंश, १०० बार वगैरे, कारण ३१ अंश आणि ७४ बारच्या वर सीओटू धड गॅस नाही धड द्रव नाही असा होतो, आणि जमिनीखाली साधारण ८०० मीटरच्या पुढे तो तसाच असतो.

खरी मजा नंतर. सीओटू आत भरला की पाठोपाठ परत पाणी सोडायचं. वाटतं सगळा धुऊन निघेल, पण नाही ना! छिद्रांत त्याचे थेंब अडकून बसतात ते बसतातच, सीटी स्कॅनमध्ये दिसतात पण. किती अडकले, हाच आमचा आकडा, तोच पुढे कॉम्प्युटर मॉडेलमध्ये जातो.

एकदा सुट्टीच्या आधी घाईत मी प्रेशर भसकन सोडलं. व्हॉल्व्हवर बर्फ जमला ते सोडा, रबरात मुरलेला सीओटू एकदम फुगला आणि स्लीव्हला भाजल्यासारखे फोड आले, तीन आठवड्यांचं काम गेलं! तेव्हापासून कोअरला आधी ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळायची आणि प्रेशर तासन्‌तास हळूहळू उतरवायचं.

आता तुमचा मुद्दा. सीओटूला वर येऊ न देणारा जो वरचा घट्ट थर असतो त्यात कुठे फॉल्ट, म्हणजे भेग, आहे का, जुनी बोअर नीट बुजवली का, हे कोअर कधीच सांगणार नाही. ते जागेवरच बघावं लागतं. नॉर्वेत स्लाइपनर नावाच्या समुद्रातल्या गॅसफील्डला १९९६ पासून सीओटू समुद्राखालच्या खडकात सोडतायत, सुरुवातीची बरीच वर्षं वर्षाला १० लाख टनांच्या आसपास, आणि तो कुठवर पसरलाय ते सायस्मिक सर्व्हे (खडकात ध्वनिलहरी सोडून आतलं चित्र काढणं) करून बघत असतात. आइसलँडच्या बेसॉल्टमध्ये (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) पाण्यात विरघळवून सोडलेल्याचा बहुतेक सगळा दोन वर्षांत चक्क दगड झाला, पण ते बेसॉल्ट म्हणून. वाळूच्या खडकात एवढ्या पटकन काही होत नाही, तिथे आधी वरचा थर आणि ते अडकलेले थेंबच कामाला येतात.