स्टोव्ह बसला, दाखला नाही, आणि घर विकायला काढलंय

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये, मिडलंड्समधल्या एका शहरात 1930च्या दशकातल्या सेमी-डिटॅच्ड घरात राहतो. मागच्या हिवाळ्याआधी हॉलमधल्या जुन्या फायरप्लेसमध्ये 8 किलोवॉटचा लाकडाचा स्टोव्ह बसवून घेतला. ओळखीतून मिळालेल्या कारागिराने स्टोव्हसकट 2,400 पौंड घेतले. त्यातले 300 क्रेडिट कार्डवर, बाकी रोख. कोटेशनवर ‘हेटास नोंदणीकृत’ (हेटास म्हणजे स्टोव्ह बसवणाऱ्या कारागिरांची नोंदणी करणारी योजना) असं छापलेलं होतं. काम नियमाप्रमाणे झाल्याचा दाखला मागितला तर आज देतो, उद्या देतो करत राहिला. आता फोनच उचलत नाही. शेजाऱ्यांनी धुराची तक्रार केली म्हणून काउन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं, पत्र आलं. त्यातच घराला गिऱ्हाईक मिळालं आणि त्यांच्या सॉलिसिटरने दाखला मागितला. माझे मिस्टर म्हणतात, विक्रीच्या फॉर्मवर ‘माहीत नाही’ लिहू आणि इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे दाखला नसल्याच्या जोखमीचा विमा, काढून देऊ. चालेल का?

उत्तर : नाही चालणार. त्याची कारणं सांगतो, पण त्याआधी एक विनंती. कोणी जाणकार तपासून जाईपर्यंत तो स्टोव्ह पेटवू नका. तुमच्या घराच्या वयाचं धुराडं आतून कुठे फुटलंय, विटांमधला चुना कुठे झडलाय, हे हॉलमध्ये उभं राहून दिसत नाही. ते वरच्या बेडरूमच्या भिंतीतून छपरावर जातं आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्टोव्हच्या खोलीत त्याचा अलार्म लावणं ही अशा कामाची सक्तीची बाब आहे. तुमच्याकडे अलार्म लावला का, हे पत्रात लिहिलेलं नाही. नसेल तर आजच आणा.

आता कायदा. फायरप्लेस आधीपासून होती, आपण फक्त आत एक लोखंडी पेटी ठेवली, असं पुष्कळांना वाटतं. इंग्लंडच्या बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या दृष्टीने मात्र घन इंधनाचा स्टोव्ह बसवणं हे कळवण्याजोगं बांधकाम आहे. त्याला दोनच सरळ वाटा. हेटाससारख्या मान्यताप्राप्त योजनेतला कारागीर काम करतो आणि स्वतःच प्रमाणित करतो. किंवा कोणीही काम करो, पण सुरू करण्याआधी काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडे अर्ज जातो आणि त्यांचा माणूस पाहून जातो. तुमच्याकडे दोन्ही झालेलं नाही. हेटासची यादी सगळ्यांना पाहता येते. त्यात या गृहस्थांचं नाव, काम झालं त्या तारखेला होतं का, ते आधी बघा. नाव असेल तर हेटासकडेच तक्रार करा, दाखला तिथूनच निघू शकेल. नसेल, आणि मला तीच शक्यता जास्त वाटते, तर पुढचं वाचा.

‘माहीत नाही’ हे उत्तर खोटं आहे, कारण तुम्हाला माहीत आहे. विक्रीच्या वेळी भरायच्या टीए6 फॉर्ममध्ये झालेली कामं, त्यांचे दाखले, शेजाऱ्यांशी वाद आणि काउन्सिलकडून आलेल्या नोटिसा हे सगळं विचारलेलं असतं. त्यावर विसंबून कोणी घर घेतलं आणि नंतर उलगडा झाला, तर चुकीच्या निवेदनाबद्दल तुमच्यावर दावा होऊ शकतो. घर विकून झाल्यावर असला दावा अंगावर घेण्यात काय शहाणपण?

इन्डेम्निटी पॉलिसीचं गणित वेगळं आहे. दाखला नाही म्हणून उद्या काउन्सिलने कारवाई केली, तर होणारा पैशाचा तोटा ती भरून देते. स्टोव्ह सुरक्षित आहे की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. शिवाय या कामाबद्दल काउन्सिलशी आधी संपर्क झाला असेल तर विमा कंपन्या सहसा ती देत नाहीत. तुमच्याकडे तर धुराबद्दल काउन्सिलचं पत्रच येऊन पडलंय; ते लपवून घेतलेल्या पॉलिसीवर मी काही भरवसा ठेवणार नाही. खरेदीदाराचा सॉलिसिटरही हल्ली एवढ्यावर समाधान मानेल असं नाही. नियमबाह्य काम काढून टाका किंवा दुरुस्त करा, अशी नोटीस बिल्डिंग अॅक्ट 1984च्या कलम 36 खाली काढायला काउन्सिलला पूर्वी 12 महिनेच असायचे. ऑक्टोबर 2023 पासून ती मुदत 10 वर्षं झाली आहे.

मग करायचं काय? काउन्सिलकडे रेग्युलरायझेशनचा अर्ज करता येतो, म्हणजे झालेलं काम मागाहून नियमित करून घेणं. फी काही शे पौंड येते आणि तपासणीसाठी काम उघडून दाखवायला सांगू शकतात. माझा कल मात्र दुसऱ्या वाटेकडे आहे. हेटास नोंदणीकृत कारागीर बोलवा. दुसऱ्याच्या कामावर तो सही करणार नाही, त्याला तशी परवानगीच नाही. पण स्टोव्ह बाहेर काढून, धुराडं तपासून, गरज असल्यास नवा लायनर (धुराड्याच्या आत बसवायची नळी) टाकून तोच स्टोव्ह त्याने पुन्हा बसवला, तर ते त्याचं काम होतं आणि त्याचा दाखला रीतसर मिळतो. विक्री तोंडावर असताना हे सहसा लवकर उरकतं. त्याला दोन गोष्टी मुद्दाम विचारा. तुमचा स्टोव्ह 8 किलोवॉटचा आहे. 5 किलोवॉटच्या वर खोलीत कायमचं उघडं हवेचं भोक लागतं. जुन्या, फटी असलेल्या घरात वरच्या प्रत्येक किलोवॉटला 550 चौरस मिलिमीटर, म्हणजे तुमच्याकडे 1,650. भिंतीत तशी जाळी दिसत नसेल, तर पहिल्या कारागिराने काय केलं असेल याचा अंदाज येतो. दुसरी गोष्ट, स्टोव्हसमोरची फरशी पुरेशी पुढे आली आहे का. दार उघडताना निखारा पडतो तो थेट गालिच्यावर.

धुराचं प्रकरण वेगळं आहे, दोन्हींची गल्लत करू नका. डिसेंबर 1952 मधल्या लंडनच्या विषारी धुक्यानंतर 1956चा क्लीन एअर अॅक्ट आला. आज 1993चा लागू आहे. तुमचं घर स्मोक कंट्रोल एरियात, म्हणजे धुरावर बंधन असलेल्या भागात, येतं का, हे काउन्सिलच्या नकाशावर बघा. येत असेल तर लाकूड जाळायला डेफ्राने (सरकारच्या पर्यावरण खात्याने) त्या भागासाठी मान्य केलेलाच स्टोव्ह लागतो. इथे दुकानदारही फसवतात, किंवा स्वतःच फसलेले असतात : ‘इकोडिझाइन’ असा शिक्का म्हणजे ही मान्यता नव्हे. मॉडेलचं नाव डेफ्राच्या यादीत स्वतः शोधा. नसेल तर 175 ते 300 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र त्याआधी काउन्सिलला दंडाचा इरादा लेखी कळवावा लागतो आणि आक्षेपासाठी तुम्हाला 28 दिवस मिळतात. तुमच्या हातातलं पत्र तसं आहे की नुसती समज, ते नीट वाचा. समज असेल तर ‘तूर्त वापर थांबवला आहे’ एवढं लिहून कळवा. स्टोव्ह यादीत असूनही धूर होत असेल तर बहुतेक दोष लाकडाचा. 2 घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकताना ते ‘रेडी टू बर्न’, म्हणजे 20 टक्के किंवा कमी ओलाव्याचं असावं लागतं. बागेत तोडलेलं झाड त्याच थंडीत स्टोव्हमध्ये घालायचं नसतं, हे आपल्याकडे चुलीपुढे बसलेल्या कुठल्याही आजीला ठाऊक असतं.

आता पैसे. कोटेशनवरच्या ‘हेटास नोंदणीकृत’ या शब्दांवर विसंबून तुम्ही काम दिलंत, म्हणून कन्झ्युमर राइट्स अॅक्ट 2015 प्रमाणे ते शब्द कराराचा भाग ठरतात. काम व्यवस्थित करून द्या नाहीतर किंमत कमी करा, अशी मागणी तुम्ही करू शकता. 14 दिवसांची मुदत देऊन लेखी पत्र धाडा आणि पाठवल्याचा पुरावा ठेवा. तो गप्पच राहिला तर दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. स्टोव्ह आणि बसवणी एकाच करारात होती आणि त्यातले 300 पौंड क्रेडिट कार्डवर थेट त्यालाच गेले. कन्झ्युमर क्रेडिट अॅक्ट 1974च्या कलम 75 प्रमाणे अशा वेळी कार्ड कंपनीही तितकीच जबाबदार असते, तीही फक्त 300 पुरती नाही, संपूर्ण करारापुरती. डेबिट कार्ड असतं तर हे कलम लागू झालं नसतं. रोख दिलेल्या रकमेची पावती नसेल तर बँकेतून पैसे काढल्याची नोंद आणि त्याच्याशी झालेले व्हॉट्सअॅपवरचे संदेश जपून ठेवा. शेवटी काउन्टी कोर्ट आहेच. 10,000 पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये वकिलाशिवाय चालवता येतो. पण ज्याचा पत्ता लागत नाही त्याच्यावर मिळवलेला निकाल वसूल करणं कठीण, म्हणून आधी कार्ड कंपनी.

घराच्या विमा कंपनीलाही स्टोव्ह बसवल्याचं कळवा. कळवलं नसेल आणि उद्या आग लागली, तर त्यांच्याशी भांडत बसावं लागेल.

आणि खरेदीदार इतके दिवस थांबायला तयार नसेल, तर स्टोव्ह काढून धुराडं वरून-खालून नीट झाकून घ्या. टीए6 मध्ये काय झालं ते खरंखरं लिहा, आणि स्टोव्ह विक्रीत धरलेला नाही हे तुमच्या सॉलिसिटरकरवी करारात घालून घ्या. किमतीत थोडी घासाघीस होईल. एजंटला मात्र घराच्या जाहिरातीतले फोटो बदलायला सांगा. पेटलेल्या स्टोव्हचा फोटो अजून तिथेच असणार.