वाचकांचे प्रश्न : पाठ झालेल्या विनोदाला पुन्हा हसू का येतं?

गेल्या अंकात आपल्या आवडत्या विनोदी पात्रांबद्दल प्रश्न पाठवा, असं सुचवलं होतं. पत्रं भरपूर आली. जे प्रश्न बऱ्याच जणांनी विचारले, त्यांतले काही इथे घेतले आहेत.

चिमणरावांची पुस्तकं मी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचायला काढतो. घरच्या मंडळींचं म्हणणं, ‘पुढं काय होणार ते तुम्हाला पाठ आहे, मग हसता कशाला?’ याला उत्तर काय द्यावं?
— एक वाचक, मिरज

पुढं काय होणार ते पाठ आहे म्हणूनच हसतो, असं बेधडक सांगा.

चुटका एकदा ऐकला की संपतो. शेवट कळल्यावर त्यात पुन्हा ऐकण्यासारखं फारसं उरत नाही. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावांचं तसं नाही. हा शनिवार पेठेतला किडकिडीत, भित्रा कारकून आपली फजिती आपणच सांगतो, आणि सांगताना आपण फार शहाणपणानं वागलो अशी त्याची खात्री असते. पहिल्यांदा वाचताना आपण त्याच्या मागोमाग चालत असतो. दुसऱ्यांदा वाचताना आपण त्याच्या पुढे गेलेले असतो. खड्डा कुठं आहे ते आपल्याला दिसतं आणि हा गृहस्थ छाती काढून नेमका तिकडेच निघालेला असतो. ही गंमत दुसऱ्या वाचनाशिवाय पदरात पडत नाही.

मी तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर नोकरी केली. पुस्तकात खुणा करू नयेत असा नियम होता, तरी वाचक पेन्सिल चालवायचेच. परत आलेली पुस्तकं चाळताना मला एक गोष्ट दिसली. इतर विनोदी पुस्तकांत खुणा असायच्या त्या कोटीला किंवा चमकदार वाक्याला. चिमणरावांच्या पुस्तकात मात्र निरनिराळ्या हातांच्या खुणा गुंड्याभाऊ गोष्टीत येतो त्या जागी सापडायच्या. तिथं अजून काही विनोद घडलेला नसतो. सोटा घेतलेला, धिप्पाड, मोठ्या आवाजाचा हा भाऊ दारात आला एवढंच. पण आता घरात काय होणार, हे ओळखून वाचकानं समासात रेघ मारलेली. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या रेघेत आहे. विनोदापेक्षा त्याची वाट बघण्यात जास्त सुख असतं, आणि वाट बघायची तर येणारं माणूस ओळखीचं हवं.

यात एक तर्क माझा स्वतःचा आहे. चिं. वि. जोशी (1892–1963) पेशानं पालीचे प्राध्यापक होते, बडोद्याला शिकवत. जातककथांचे, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींचे, ते अभ्यासक, त्यांतल्या निवडक गोष्टी त्यांनी मराठीत आणल्या. जातककथेच्या शेवटी बुद्ध सांगतात, त्या जन्मीचा अमका तो आजचा अमका. बुद्धाचा वैरी देवदत्त जन्मोजन्मी येतो आणि जन्मोजन्मी तसाच दुष्टपणा करतो. ऐकणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतं आणि तरी गोष्ट रंगते. असल्या शेकडो कथांत उभा जन्म घालवलेल्या माणसाला हे नक्की कळलं असणार, की गोष्ट बदलली तरी चालते, पण पात्रानं आपला स्वभाव सोडता कामा नये. चिमणराव कशातूनच काही शिकत नाहीत. ते शहाणे झाले असते, तर तुम्ही त्यांच्याकडे परत गेला असता का?

अशा पात्रांची सुरुवात मराठीत कुणापासून झाली? आणि ती जुनी पात्रं आता कुणी वाचत का नाही?
— एक शिक्षक, अमळनेर

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून. 1902 साली ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात त्यांचा ‘साक्षीदार’ हा लेख आला आणि पुढे सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या हे त्रिकूट मराठी वाचकांच्या घरोघरी पोचलं. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानत. त्यांनी ‘बाळकराम’ या नावानं लिहिताना तिंबूनानांना आपल्या ठकीसाठी स्थळं शोधायला बाहेर काढलं. तिसरी पिढी चिं. विं.ची.

सुदामा मागे पडला त्याला भाषा थोडी कारण आहे. कोट्यांचा मारा आज दमवतो. पण मला खरं कारण वेगळं वाटतं. कोल्हटकरांना रूढींवर, मुहूर्त-शकुनांवर, भोंदूपणावर हल्ला करायचा होता आणि त्या कामाला त्यांनी ही तिघं जुंपली. काम मोठं होतं आणि त्यांनी ते धीटपणे केलं, त्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. पण सुदाम्याच्या घरी आपण कधी चहाला गेलो असं वाटत नाही. चिमणरावांच्या घरी बायको काऊ आहे, आई आहे, मोरू आणि मैना ही मुलं आहेत. त्या घरात आपल्याला बसायला जागा आहे.

‘व्यक्ती आणि वल्ली’ विनोदी पुस्तक म्हणून हातात घेतलं. अंतू बर्वा वाचून चक्क रडू आलं. माझं काही चुकलं का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

नाही गं. तू अगदी बरोबर वाचलंस.

पु. ल. देशपांड्यांचं हे पुस्तक 1962 साली आलं, त्याला साहित्य अकादमीचं पारितोषिकही मिळालं. त्यातला परीट नामू गिऱ्हाइकांचे कपडे परस्पर दुसऱ्यांच्या अंगावर चढवतो, तिथं नुसतं हसावं. अंतू बर्व्याचं तसं नाही. रत्नागिरीच्या मधल्या आळीतला हा म्हातारा कुणालाही सोडत नाही, बोलणं सगळं तिरकं. गावात वीज आली तरी ती घरात घ्यायला तो तयार नाही, कारण आपलं दारिद्र्य उजेडात कशाला बघायचं, ते काळोखात दडलेलंच बरं, असा त्याचा हिशेब. पहिल्या वाचनात त्या फटकाऱ्याला हसू येतं. दुसऱ्यांदा तेच वाक्य वाचताना घर दिसायला लागतं, भिंती दिसायला लागतात, त्या घरातला एकटा माणूस दिसतो. शब्द तेच, पण आता तो बोलतो कशासाठी ते आपल्याला कळलेलं असतं. हसू तरीही जात नाही, आणि ही पुलंची ताकद आहे. माणसाची कीव करायला ते आपल्याला भाग पाडत नाहीत. अंतूशेट शेवटपर्यंत ऐटीतच बोलतो.

तू आता थोडे दिवस थांब आणि ‘बटाट्याची चाळ’ घे. त्यातला ‘उपास’ आधी वाच. पंत वजन कमी करायला निघतात आणि चाळीतला प्रत्येक शेजारी त्यांच्या ताटातला एकेक पदार्थ काढायला लावतो. कुणी बटाटा सोडा म्हणतो, कुणी भात, कुणी साखर. जनोबा रेगे तर बोलणंच सोडायला सांगतात. शेवटचं ‘चिंतन’ मात्र आधी उघडू नकोस. ती माणसं पुरती ओळखीची झाली की मगच त्याचा अर्थ लागतो.

या सगळ्या यादीत बाई कुठे आहे? हसवणारी, फजिती होणारी, तरी हवीहवीशी वाटणारी बाई मला आठवत नाही.
— एक वाचिका, नाशिक

तुमची तक्रार रास्त आहे. ठकीचंच बघा. तिच्या लग्नासाठी केवढी मोहीम निघते, वरसंशोधनाला माणसं गावोगाव हिंडतात, पण गोष्ट त्या हिंडणाऱ्या पुरुषांची आहे. ठकीला काय वाटतं हे विचारायला कुणी जात नाही. काऊ तिच्यापेक्षा कितीतरी जिवंत, पण तिचं बोलणं आपल्यापर्यंत पोचतं ते चिमणरावांच्या तोंडून. मूर्खपणा करायची मुभा पुरुषपात्राला, आणि तो निस्तरायचं काम बाईला, ही वाटणी आपल्या विनोदानं फार काळ चालवली. ज्या बाईला चुकायची सवलत नाही ती विनोदी पात्र होणार कशी? अगदी चिमणरावांच्या तोडीची, आपल्या फजितीची गोष्ट आपणच सांगणारी आणि पुस्तकामागून पुस्तकात भेटत राहणारी बाई मला अजून हवी आहे. हे सदर लिहित्या मैत्रिणी वाचत असतील, तर त्यांनी हे माझं आर्जव समजावं.

नातू अकरा वर्षांचा आहे, इंग्रजी शाळेत जातो. मराठी बोलतो चांगलं, वाचायचा कंटाळा करतो. चिमणराव दिले तर ‘बोअर’ म्हणाला. काय करू?
— एक आजोबा, ठाणे

चिमणराव सध्या राहू द्या. किती ओळखी आधी लागतात त्याला! पेठ, कारकुनी, पाहुणे, मुली बघायला जाणं, यांतलं त्यानं काहीच पाहिलेलं नाही. त्याला बोक्या सातबंडे द्या. तो त्याच्याच वयाचा, खोडकर आणि मनानं स्वच्छ मुलगा आहे. दिलीप प्रभावळकरांनी तो लिहिला. दूरदर्शनवर चिमणरावही त्यांनीच उभे केले होते, बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊबरोबर. ती मालिका चालू असताना ‘टीव्हीवरचे चिमणराव आहेत का?’ असं विचारत कधी पुस्तकाला हात न लावलेली माणसं आमच्या टेबलाशी यायची. तेव्हा पुस्तकाकडे जायचा रस्ता डोळ्या-कानांवरून जात असेल तर जाऊ द्यावा.

आणि त्याला वाचायला लावण्याआधी तुम्ही वाचून दाखवा. यासाठी द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडी या गावाच्या गोष्टी सगळ्यांत उत्तम. नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर, शिवा जमदाडे, रामा खरात ही मंडळी मोठ्यानं वाचण्यासाठीच जन्माला आली आहेत. मिरासदार स्वतः शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकरांच्या बरोबरीनं गावोगाव कथाकथन करत, त्यामुळे त्यांच्या वाक्याला बोलण्याची लय आहे. रात्री एकच गोष्ट घ्या. बाबू पैलवानाला एक आवाज ठरवा, चेंगटाला दुसरा, आणि ते आवाज कायम ठेवा. काही दिवसांनी तुम्ही चेंगटाच्या वाक्याला आलात की नातू त्याच आवाजात ते पुरं करायला लागेल. तसं झालं, की पुस्तक त्याच्या हातात द्या आणि पुढचं पान त्याला वाचू द्या.