‘कधीतरी घेतो’च्या पुढे काय विचारायचं?

दवाखान्यांतून आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतून दारूच्या समस्येबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या दवाखान्यात दोन सिस्टर आहेत. पेशंटला ‘दारू पिता का’ विचारलं की ‘कधीतरी’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. त्यांना काय शिकवू? (फॅमिली डॉक्टर, तालुक्याचं गाव)

तो प्रश्नच आधी बदला. बीपी आणि वजन घेताना जेवण, झोप, तंबाखू यांच्याच ओळीत दारूचं विचारायचं, आणि सगळ्यांना विचारायचं. चेहरा बघून माणसं निवडायची नाहीत. बायको किंवा मुलगा शेजारी बसला असेल तर हा भाग एकट्याशी बोलावा. सुरुवात साधी ठेवा : “दादा, बीपीच्या गोळ्या चालू आहेत म्हणून विचारते, सगळ्यांनाच विचारतो आम्ही. गेल्या आठवड्यात किती दिवस घेतली? घेता त्या दिवशी किती होते, नाइंटी की क्वार्टर? शेवटची केव्हा घेतली?” ‘क्वार्टर’ हा शब्द आपल्याच तोंडून आला की पेशंटला लपवायचं कारण उरत नाही.

मग हिशेब. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलला एक ड्रिंक धरते. बाटलीतले मिलिलिटर गुणिले लेबलवरचे टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९, की ग्रॅम मिळतात. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग म्हणजे १० ग्रॅम, म्हणजे १८० मिलीची क्वार्टर ६ ड्रिंक. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली ४ ड्रिंक. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणारा दोन बाटल्या रिचवत असेल तर तो क्वार्टरवाल्याच्या पुढे आहे, आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं. हा हिशेब सिस्टरांकडून कागदावर दहा-बारा वेळा करून घ्या. हातभट्टीला लेबल नसतं, दर खेपेला तिची ताकद वेगळी. तिथे ड्रिंक मोजू नका, ग्लास किती आणि पैसे किती एवढं लिहा.

पिणं जास्त वाटलं तर संघटनेचीच ‘ऑडिट’ ही १० प्रश्नांची चाचणी घ्यावी. गुण ० ते ४०. ८ ते १५ ला थोडक्यात सल्ला, १६ ते १९ ला समुपदेशन आणि पाठपुरावा, २० किंवा जास्त असेल तर व्यसन जडल्याची शक्यता धरून तज्ज्ञाकडे.

प्रश्न : आम्ही समुपदेशक नाही. समजावून सांगितलं तर पेशंट पुन्हा फिरकतच नाही. (परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्र, सिंधुदुर्ग)

तुमच्या शेजारी गोव्यात हे काम, मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलं आहे. ‘संगात’ संस्थेच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. घातक प्रमाणात पिणाऱ्या, पण ‘ऑडिट’चे गुण २० च्या आत असलेल्या पुरुषांना जास्तीत जास्त चार भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी, आधीचे १४ दिवस दारूला न शिवलेले या गटात ४२ टक्के होते, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात १८ टक्के. जे पीत राहिले त्यांचं रोजचं प्रमाण मात्र घटलं नाही, हेही लक्षात ठेवावं.

पेशंट पळतो तो समजावण्यामुळेच. ‘लिव्हर खराब होईल’ हे त्याने शंभरदा ऐकलेलं असतं, आणि आपण दटावलं की तो दारूची बाजू घेऊन बोलतो. त्याऐवजी विचारा, “कमी करणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, ० ते १० मध्ये?” तो ४ म्हणाला तर ‘चारच का?’ विचारलंत की तो न सोडण्याची कारणं सांगेल. ‘चार का म्हणालात, एक का नाही?’ विचारा. आता तो मुलीची फी, सकाळची मळमळ, गेलेली मजुरी स्वतःच्या तोंडाने सांगतो. ती कारणं त्याच्याच शब्दांत केसपेपरवर लिहून ठेवा, पुढच्या भेटीत तिथूनच सुरुवात करा. मग एकच छोटी गोष्ट ठरवायची : पगाराच्या दिवशी घरी कोणत्या रस्त्याने जायचं, मित्राने ग्लास पुढे केला तर नेमकं काय म्हणायचं. ते वाक्य त्याच्याकडून तिथेच मोठ्याने म्हणून घ्या. मध्येच घसरला तर ओरडू नका. त्या दिवशी काय घडलं ते विचारा.

प्रश्न : एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षेत सगळे पास झाले, पण केसपेपरवर एकही नोंद नाही. कुठे चुकलं? (तालुका पातळीवरील डॉक्टर)

स्लाइड बघून हे येत नाही. अर्धा दिवस माहिती पुरे, बाकी वेळ सराव : तिघांचा गट, एक पेशंट, एक सिस्टर, एक फक्त ऐकणारा. ऐकणाऱ्याने दोनच गोष्टी मोजाव्यात, सिस्टरने किती प्रश्न विचारले आणि किती उपदेश केले. गोव्यात पेशंटच्या संमतीने भेटी रेकॉर्ड करून सहकारी एकत्र ऐकत आणि गुण देत. तुम्ही निदान महिन्यातून दोनदा असा तास ठेवा. तो बंद पडला की कौशल्यही उतरतं. केसपेपरवर दारूचा रकाना छापून घ्या, नाहीतर गर्दीच्या ओपीडीत हे पहिलं गळतं.

प्रश्न : ‘आजपासून थेंबही नको’ सांगून घरी पाठवलेला पेशंट दुसऱ्या दिवशी फिट येऊन परत आला. असं का? (खासगी दवाखान्यातील परिचारिका)

रोज भरपूर पिणाऱ्याचं शरीर दारूला सरावलेलं असतं. ती एकदम तोडली की मेंदू खवळतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, धडधड. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, भास, ताप. यात जीवही जातो. म्हणून ‘सोडा’ म्हणण्याआधी हे विचारायलाच हवं : सकाळी हात थरथरतात का, घोट घेतल्यावर थांबतात का? पूर्वी सोडताना फिट किंवा भास झाले होते का? एकालाही ‘हो’ आलं तर अचानक बंद करायला सांगू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दाखल करायचं की घरी उतरत्या मात्रेत क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध द्यायचं, ते डॉक्टर ठरवतील. यकृत बिघडलं असेल तर बहुधा लोराझेपाम निवडतात.

सिस्टरांसाठी आणखी एक. असा पेशंट गळून आला की ग्लुकोजचं सलाइन लावायची सवय असते. कुपोषित दारूड्याच्या शरीरात थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आधीच संपत आलेलं असतं आणि ग्लुकोज उरलंसुरलं वापरून टाकतं. गोंधळ, लडखडणं, डोळ्यांची बुबुळं हलणं ही त्याची लक्षणं, आणि उशीर झाला तर स्मृती कायमची जाते. ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन द्यायचं, हे वॉर्डाच्या भिंतीवर लिहून लावा. साखर खूप घसरलेली असेल तर मात्र ग्लुकोज थांबवू नये. दोन्ही बरोबर द्यावं.

प्रश्न : पेशंटच्या बायकोने जेवणात कालवून देण्यासाठी दारू सोडवायच्या गोळ्या मागितल्या. द्याव्यात का?

नाही. या गोळ्यांतलं औषध म्हणजे बहुधा डायसल्फिराम. त्यावर दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, बीपी कोसळतो. हृदयरोग्याचा जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहतो. ती पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने आणि शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनीच द्यायची असते. ताईंना रिकाम्या हाताने परत पाठवू नका : नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक लिहून द्या, आणि घरात मारहाण होते का ते त्यांना एकटीला विचारा.