पंप बदलण्याआधी वायर मोजा

साताऱ्यातून निघताना गाडी ठणठणीत आणि खंबाटकी चढताना बंद, एवढ्यावरून नवा फ्युएल पंप (टाकीतलं इंधन इंजिनाकडे ढकलणारा) घेऊ नका. चावी ऑन केली की टाकीकडून दोन-तीन सेकंद घूंऽ आवाज यायला हवा. नाही आला तर आधी फ्यूज, मग त्याच नंबरचा दुसरा रिले (पंपाला करंट चालू-बंद करणारा स्विच) लावून बघा. आवाज येतो पण दम नाही? पंप चालू ठेवूनच कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. कनेक्टर काढून मोजलं तर गंजकी वायरही 12 दाखवते, कारण करंटच वाहत नसतो. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी आलं तर दोष वायरिंगचा, बहुतेकदा अर्थचाच (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या वायरचा). पंप चालू असतानाच पंपाची अर्थ वायर ते बॅटरी निगेटिव्ह मोजा, 0.2 व्होल्टच्या आतच हवं. आणि टाकीपाशी वायर घासून ठिणगी बघायची गॅरेजवाली खोड नको.